सत्तावीस, एक्याण्णव, पासष्ट

पंचिंगचं मशीन किलोवर गेलं त्या आठवड्यात
नान्नांचा उजवा पाय जेवतानाही हलायचा.
भद्रावती पेठेत, पत्र्याखाली, एकतीस वर्षं
आठ बोटं आठ खिट्ट्यांवर
आणि मग पायडल.
बोटांनी ठरवायचं, पायानं शिक्का मारायचा.
खाट्.
पुठ्ठ्यात भोकांची एक ओळ,
आणि त्या ओळींवरून पुढं कुठंतरी मागावर
चादरीत मोर चढायचा, पायांपासून वर.

मी म्हटलं, मी करून देते, काळ्या पडद्यावर.
ए एस डी एफ, जे के एल, अर्धविराम.
झाल्या की आठ.

तसं टर्मिनल सालस असतं.
तुम्ही लिहा, खोडा, परत लिहा;
एंटर दाबेपर्यंत आत कुणाला पत्ता नसतो
की बाहेर एका माणसाचं मन तीनदा बदललं.
मी ते सालसपण काढून घेतलं.
ओळीसाठी थांबणं बंद. पडसाद बंद.
आता जे येईल ते कच्चं,
मातीसकट.

कच्च्यात कळांना नावं नसतात, आकडे असतात.
खोडायची कळ एकशे सत्तावीस.
एरवी चालता प्रोग्राम मारणारी कंट्रोल-सी
इथं नुसती तीन, येऊन निमूट उभी राहते.
वरचा बाण म्हणजे तिघं जण:
सत्तावीस, एक्याण्णव, पासष्ट.
पण सत्तावीस एकटाच आला, तर ती एस्केप.
म्हणून तो आला की थांबायचं,
सेकंदाचा दहावा भाग,
मागून कुणी येतंय का बघत.
कुणीच नाही आलं तर समजायचं
याला खरंच जायचंय.

एप्रिल. पंखा गरम हवाच फिरवत होता.
आई उंबऱ्याशी तेंदूपानं कातरत बसलेली.
नान्नांनी चष्मा धोतराला पुसला
आणि आठही बोटं टेकवली,
एकतीस वर्षं टेकवत आले तशी. नुसती टेकवली.

करंगळी शेवटी पडली असावी.
तिचंच भोक, तिचंच, तिचंच,
पडदाभर, वाहत्या नळासारखं.
"काय करूलालंय गं हे?"
"बोटं उचला, नान्ना."
"मी दाबलोच नाही की अजून."

कसं सांगू?
याला टेकलेलं आणि दाबलेलं एकच.
आणि बोट उचललं,
ही बातमी याच्यापर्यंत पोचतच नाही.
एकदम असंही इथं काही नसतं, आठही बोटं
रेशनच्या रांगेतून येतात एकेक.

सहाशेव्या ओळीला प्रोग्राम कोसळला
आणि जाताना मागचं आवरून गेला नाही.
टर्मिनल मुकं.
मी लिहितेय, दिसत काही नाही.
एंटरसुद्धा अनोळखी झालेलं.
न दिसणारं आर, न दिसणारं ई,
एस, ई, टी, मग कंट्रोल-जे,
आणि पहिल्या ओळीला उजेड आला.

नान्ना पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते.
"लाईट गेल्यावर मीपण असंच मारायचो," म्हणाले.
आई कातर न थांबवता म्हणाली,
"आणि सकाळी भोकांना चिकटपट्टी कोण लावायचं?"

रात्री मी स्पेसबारचा पायडल केला.
आता बोटं कितीही वेळ टेकू देत,
कितीही घोळू देत, मी साठवून ठेवते,
शिक्का अंगठ्याचा.
म्हणजे कच्च्यातून निघून
मी जिथून निघाले होते तिथंच आले जवळजवळ.

सकाळी टेबलाखाली लोखंडाचा आवाज.
वाकून बघितलं:
पायडल. तेल दिलेला. कशालाच न जोडलेला.
"हा मी दिलोच नव्हतो भंगारात."
आधी पाय दाबतो. मग, जरा उशिरानं,
अंगठा.
मोराची नखं झालीत.